भिंतीवरून गेलेलं मीठ

तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची कोवळी पोर होते, आणि जगातला कुठलाही फॉर्म मला भरता येतो अशी माझी समजूत होती.

ती अगदीच बिनबुडाची नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेल्या बाईने काय भरलेलं नसतं? जनगणना, मतदार याद्या, पोलिओचे डोस, शाळाबाह्य मुलं, गावातली गुरं, संडास असलेली घरं आणि कागदावरच संडास असलेली घरं. भर उन्हात दारोदार जाऊन मी विचारायची, किती माणसं एका चुलीवर जेवतात? कारण जनगणनेच्या हिशेबी कुटुंब म्हणजे रक्ताचं नातं नव्हे, चूल. दोघे सख्खे भाऊ एका छपराखाली राहत असोत, चुली दोन असल्या की कुटुंबं दोन. हा नियम मी इतक्या उंबऱ्यांवर उभी राहून समजावला होता की तो माझ्या अंगातच भिनला होता. आणि त्याच नियमावर बोट ठेवून मी माझ्या मोठ्या जावेला मरणाच्या दारापर्यंत नेलं. ढकलत नव्हे; लाडाने, वाटीत घालून.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून. सासरे गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं आणि अंगणात छातीएवढी भिंत घातली. भिंत घालताना भांडण झालं नव्हतं, त्यामुळे ती घालणाऱ्यालाही ती फार उंच करावीशी वाटली नसावी. पलीकडे थोरले दीर आणि अक्का, अलीकडे आम्ही. मी माहेरची जळगावच्या पूर्वेकडची. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बोलण्याची अक्कांनी इतकी नक्कल केली होती की मी आठ दिवस गप्प होते. माझ्या आयुष्यातला तेवढाच गप्प काळ.

दीर गेले. अक्कांचा मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात. मुलगा चांगला, आईवर जीव टाकणारा, म्हणूनच त्रासदायक. त्याने आईला बजावून ठेवलं होतं, ज्या दिवशी तुझ्या हातून स्वयंपाक होणार नाही त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन. सुरतेचं घर सातव्या मजल्यावर. अक्का तिथे एकदा पंधरा दिवस राहून आल्या आणि सांगत होत्या, तिथे खिडकीतून थुंकायचीसुद्धा सोय नाही. "मरसू ते आठेच मरसू," म्हणजे मरेन तर इथेच, हे त्यांचं शेवटचं वाक्य, दर वेळी.

पण अक्कांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. भाकरी थापणं केव्हाच सुटलं होतं, विळीवर बसणंही. मग दोन वेळचं ताट भिंतीवरून जाऊ लागलं. हे आम्हा दोघींत आणि आमच्या ह्यांच्यात. गावाला पत्ता लागू नये म्हणून अक्का रोज सकाळी कुकरमध्ये मूठभर तांदूळ लावायच्या. शिट्ट्या चांगल्या जोरात व्हायच्या. मुलाचा फोन त्याच वेळी यायचा. ऐक, म्हणायच्या, कुकर वाजतोय. तो भात नंतर गल्लीतला कुत्रा खायचा आणि तो कुत्रा गावातला सगळ्यात तुकतुकीत कुत्रा होता.

त्या साली धुळ्याच्या बाजूने एका वैद्यकीय महाविद्यालयाचं पथक गावात आलं. रक्तदाबावर संशोधन होतं. पथकातली जी ताई आमच्या गल्लीला आली ती तिशीची, स्कूटीवर, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर भलंमोठं दप्तर. तिने ओसरीवर बसून सगळं नीट सांगितलं. रक्तदाब का वाढतो, तर पुष्कळ माणसांच्या बाबतीत एक असं कारण सापडतच नाही. थोडं आईबापांकडून येतं, थोडं वयाने, थोडं वजनाने, थोडं काळजीने, आणि बरंचसं ताटातल्या मिठाने. आपल्याकडे ठेचा, पापड, लोणचं, शेवभाजी, सगळ्यांत मीठ. लोकांना मीठ कमी करा म्हणून सांगून कोणी करत नाही, तेव्हा मीठच बदलून बघायचं. काही घरांना नेहमीचं मीठ मिळणार, काही घरांना दुसरं. पिशव्या सारख्या, वर नुसते आकडे. कुठल्या पिशवीत कोणतं, हे तिलासुद्धा माहीत नव्हतं. ते महाविद्यालयात कुलपात.

मग तिने माहितीपत्रक वाचून दाखवायला घेतलं. दोन पानं. त्या वेळी मी काय करत होते, तर तिच्या बोटाआडून तो कागद बघत होते आणि छपाईतल्या चुका मोजत होते. चार सापडल्या. वेलांटीच्या तीन. ती दुसऱ्या मिठात काय आहे ते वाचत होती, त्याने कोणाला अपाय होऊ शकतो ते वाचत होती, आणि मी मनात लाल पेन फिरवत होते.

नंतर रक्तदाब मोजला. त्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडी नको, बोलायचं नाही. मी तीनदा बोलले. तिने तीनदा पाच मिनिटं पुन्हा सुरू केली. आमचे हे खाटेवरून म्हणाले, "ताई, हिला गप्प करायचं औषध निघालं तर पहिलं पाकीट आमच्याकडे द्या." आकडा चढा आला तो मी ह्यांच्या नावावर टाकला.

मग फॉर्म. या चुलीवर किती माणसं जेवतात? मी म्हटलं, दोन. जनगणनेच्या आवाजात म्हटलं. घरातल्या कोणाला मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा काही आजार?

इथे मी थांबले, हे मला आज लख्ख आठवतं. वर्षभरापूर्वी अक्कांना मीच धुळ्याला डॉक्टरकडे नेलं होतं. तेव्हा त्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं की आजींची मूत्रपिंडं थकली आहेत, घाबरू नका, पण दर तीन महिन्यांनी रक्त तपासा. आम्ही एकदा तपासलं आणि मग लग्नसराई आली. ते मला आठवलं. आणि लगेच दुसरंही आठवलं. अक्कांचं नाव घेतलं की ही पोरगी विचारणार, त्या इथे जेवतात का. हो म्हटलं की ते कागदावर येणार, कागदावरचं गावात येणार, गावातलं सुरतेला जाणार. शिवाय आम्हाला या संशोधनातून वगळलं जाणार. आणि खरं सांगते, मला त्यात राहायचं होतं. घरी ठेवायला रक्तदाबाचं यंत्र मिळणार होतं. साऱ्या गल्लीत माझ्याकडे यंत्र. निवृत्तीनंतर कोणी मला नोंदी करायला सांगितलं नव्हतं, ते आता सांगणार होतं.

मी भिंतीकडे बघितलं. भिंत होती. चुली दोन होत्या. म्हटलं, नाही, आमच्या घरात कोणाला नाही.

खोटं एक अक्षर बोलले नाही मी. त्याचीच मी स्वतःला अनेक दिवस शाबासकी देत होते.

पिशवी आली. मीठ पांढरं, बारीक, दिसायला काही फरक नाही. वरणात मात्र पहिल्याच दिवशी जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी लागलं, कडवट नव्हे, पण नाणं चाटल्यासारखं. ह्यांना काही कळलं नाही. ह्यांना वरणात वरण आहे हेही कधी कधी कळत नाही. मी मात्र ओळखलं की आपली पिशवी दुसऱ्या मिठाची. कोणी विचारलं तर सांगायचं नव्हतं, म्हणून मी कोणी विचारायच्या आतच चार जणींना सांगितलं.

महिन्या-दीड महिन्यात माझा आकडा उतरला. ह्यांचाही. ताई दर पंधरा दिवसांनी यायची, वही बघायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्यासारख्या नोंदी कोणाच्याच नाहीत." तिने हे म्हणायला नको होतं. अडुसष्ट वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हवा जायला एवढं पुरतं.

कारण मग मी माझं स्वतःचं संशोधन काढलं. अक्कांचा रक्तदाब माझ्याहून जास्त, गोळी चालू असून चढा. मी विचार केला, अक्कांना आपण ताट देतोच. आता जरा मनावर घेऊन देऊ. आधी अक्का त्यांच्या चवीने वरून मीठ घ्यायच्या. मी त्यांची मिठाची बरणी गुपचूप रिकामी केली आणि माझ्या पिशवीतलं मीठ भरून ठेवलं. ताकात घातलं, ठेच्यात घातलं, पापडाच्या पिठातसुद्धा. रोज चार वाजता यंत्र घेऊन भिंतीपाशी जायची, अक्का पलीकडून हात लांब करायच्या. आकडे जुन्या हजेरीपटात लिहायची. आणि आकडे उतरत होते. आनंदाने मला झोप लागत नव्हती.

अक्कांची जीभ मात्र शाबूत होती. एकदा वरणाची वाटी परत देताना म्हणाल्या, "मास्तरीन, तुन्ही दायले आजकाल लोखंडनी चव येस."

मी म्हटलं, नवीन कढई आहे.

हे मात्र खोटं होतं.

पावसाळा संपता संपता अक्का म्हणू लागल्या की पाय जड वाटतात. मग म्हणाल्या, मांड्यांत मुंग्या येतात. मी संधिवाताला बोल लावला. मग दोन दिवस त्या बसल्या जागेवरून हाताचा आधार घेऊन उठू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कुकर वाजला नाही.

मी भिंतीपाशी गेले तर अक्का ओट्यावर बसलेल्या, डोळे उघडे, चेहरा मातीसारखा. उठता येईना, म्हणाल्या. आवाज खोल गेलेला. मी सवयीने यंत्र लावलं. रक्तदाब खाली. त्याच्या खालचा आकडा, नाडीचा, मी एरवी लिहायचे पण बघायचे नाही. तो छत्तीस होता. यंत्र बिघडलं म्हणून मी माझ्या हाताला लावलं. माझे शंभराच्या वर ठोके पडत होते.

शेजाऱ्यांच्या गाडीतून धुळ्याला नेलं. सोनगीर ते धुळे हा रस्ता मी आयुष्यात किती वेळा केला असेल, पण तो एवढा लांब आहे हे तेव्हा कळलं. अक्कांचं डोकं माझ्या मांडीवर. मी त्यांचं मनगट धरून ठोके मोजत होते, आणि दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा होती की दर वेळी वाटायचं, पुढचा येत नाही.

दवाखान्यात छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली. ती बघितल्याबरोबर तिथल्या डॉक्टर मॅडमने रक्ताच्या अहवालाची वाट न बघता इंजेक्शन मागवलं. मग सलाइनमधून साखर आणि इन्सुलिन. मी म्हटलं, त्यांना साखरेचा आजार नाही. मला बाहेर बसवण्यात आलं. तासाभराने मॅडम आल्या, म्हणाल्या, रक्तातला एक क्षार फार वाढला होता, त्याने हृदय बंद पडू शकलं असतं; तो उतरवायलाच ती साखर आणि इन्सुलिन. मूत्रपिंडं कमजोर, त्यात रक्तदाबाची जी गोळी चालू होती तीही तो क्षार साठवणारी. ती गोळी बंद केली. नारळपाणी, फळांचे रस, कसला काढा, झाडपाल्याची पावडर, काही घेतात का? मी सगळ्याला नाही म्हटलं. सगळं खरंच नाही होतं.

संध्याकाळी अक्का बोलू लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशीपासून मी घरून डबा नेऊ लागले. मऊ खिचडी, वरण, एक पापड भाजून. अक्कांना दवाखान्याचं जेवण नको होतं आणि मी असताना त्यांनी ते का खावं? पहाटे उठून करायची, एसटीने न्यायची, चमच्याने भरवायची. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, सख्खी बहीणही एवढं करत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्षार पुन्हा वाढला.

त्याच सकाळी अक्कांचा मुलगा सुरतेहून येऊन पोचला होता. खाटेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, हातात उघडा डबा, चमच्यात खिचडी. डॉक्टर मॅडम अहवालाचा कागद घेऊन आल्या त्या आज घाईत नव्हत्या. त्याची मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, उतरलेलं पोटॅशियम पुन्हा चढतंय, गोळी तर बंद आहे. असंच राहिलं तर डायलिसिस करावं लागेल, आणि या वयात, या हृदयाला ते झेपेल की नाही सांगता येत नाही. कुठून येतंय ते कळलं तर बरं.

पोटॅशियम. तीन दिवस त्या 'क्षार' म्हणत होत्या. हा शब्द मी कुठे ऐकला होता? ऐकला नव्हता, बघितला होता. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर. त्यातल्या 'शि'ची वेलांटी उलटी छापली होती. माझी चौथी चूक.

चमचा माझ्या हातात तसाच. अक्कांनी तोंड उघडलेलं. मी चमचा मागे घेतला आणि डबा खाली ठेवला. अक्का म्हणाल्या, काय झालं?

आता माणूस किती झटपट हिशेब करतो बघा. एका क्षणात मला अर्धं खरं सुचलं. मी सांगितलं, आमच्या घरी संशोधनाचं मीठ आहे, त्यात पोटॅशियम असेल, आणि दोन दिवस डबा त्याच मिठाचा आहे. चुकलं माझं. एवढंच सांगितलं. दोन दिवसांचा डबा, आजारी माणसाला आणलेला. त्यात अक्कांची चूल शाबूत राहत होती, सुरत लांब राहत होती, आणि मी फक्त वेंधळी ठरत होते, गुन्हेगार नव्हे.

मॅडमने डबा उचलून नर्सकडे दिला. मग म्हणाल्या, "पण काकू, त्या इथे आल्या तेव्हाच ते वाढलेलं होतं. डबा नंतर सुरू झाला. त्याआधी काय?" आणि अक्कांकडे वाकून विचारलं, "आजी, घरी स्वयंपाक कोण करतं तुमचा?"

अक्कांनी मुलाकडे बघितलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मनी चूल न्यारी शे. मी मन्हा हातनं करी खास."

मुलगाही म्हणाला, हो, रोज कुकर लावते, मी फोनवर ऐकतो.

मॅडम कागदावर काहीतरी लिहू लागल्या. त्यांनी लिहिलं असतं, की कारण कळत नाही. मग डायलिसिसचं यंत्र लावलं असतं. अक्का वाचल्या असत्या तर घरी आल्या असत्या, त्यांच्या बरणीत तेच मीठ होतं.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनंती नव्हती, हुकूम होता. मोठ्या जावेचा हुकूम मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मोडला नव्हता, निदान तोंडावर नाही.

मी म्हटलं, "त्या खोटं बोलताहेत. दोन वर्षं झाली, त्या माझ्याच हातचं खातात. आणि तीन महिने मी त्यांना मुद्दाम हे मीठ घालते आहे. त्यांच्या बरणीत पण मीच भरलं. त्यांना माहीत नाही."

"खोटं ती बोलस," अक्का म्हणाल्या. उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "मनी चूल न्यारी शे." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलगा माझ्याकडे असा बघत होता की त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. लहानपणी मीच त्याला पाढे शिकवले होते. तो एवढंच म्हणाला, "काकू, रोज शिटी ऐकवायची ती मला."

मॅडमने महाविद्यालयात फोन लावला. आमच्या पिशवीचा आकडा सांगितला. तिकडे कुलपातला कागद उघडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी देवाला काय मागितलं ते सांगायला लाज वाटते: पिशवीत साधं मीठ निघू दे. म्हणजे अक्कांचा आजार दुसऱ्याच कशाने असू दे, मग त्याचं निदान झालं नाही तरी चालेल. माझ्यावर येऊ नये एवढंच. अशी होते मी.

दुसरं, पोटॅशियमचं मीठच निघालं. मॅडमच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. कारण सापडलं, आता थांबवता येईल, त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून अक्कांना दवाखान्याचंच जेवण. पातळ औषध, सलाइन, दर सहा तासांनी रक्त. पहिला अहवाल होता तेवढाच. दुसरा जराही हलला नाही. त्या बारा तासांत मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते, आत जायची सोय नव्हती. अक्का मला बघितलं की डोळे मिटायच्या. तिसऱ्या अहवालाला उतार दिसला. पाचव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, डायलिसिसची गरज नाही.

स्कूटीवाली ताईही येऊन गेली. मला वाटलं, ओरडेल. ती माझ्या शेजारी बाकावर बसली, हजेरीपट मागितला आणि सगळा वाचला. मग म्हणाली, बाई, तुमचं घर आता संशोधनातून बाहेर, ते मला करावंच लागेल. आणि जरा थांबून म्हणाली, आमचाही फॉर्म चुकलाय. पुढच्या गावापासून आम्ही विचारणार आहोत, तुमच्या घरची वाटी आणखी कोणाकडे जाते. यंत्र ती परत घेऊन गेली. मी आठ दिवस चार वाजले की हात चाचपत होते.

मीठ वाईट नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ज्यांची मूत्रपिंडं धड आहेत अशा कितीतरी घरांत त्याने आकडे उतरले, ताई पुढे सांगत होती, आणि संशोधन नीट पार पडलं. वाईट होती ती मीठ घालणारी.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मुलाने गाडी दवाखान्याच्या दाराशी लावली. मागच्या सीटवर उशी, पायाशी पिशवी. ठरलेलंच होतं, साक्रीच्या रस्त्याने सरळ सुरत. अक्का व्हीलचेअरवर, डोक्यावर पदर, सात दिवसांत माझ्याशी एक शब्द नाही. मी बाजूला उभी. निरोप घ्यायला जावं तर तोंड नाही, न जावं तर तेही नाही.

त्यांनीच बोटाने बोलावलं. मी वाकले. त्यांनी माझं मनगट धरलं, वाकड्या बोटांनी, घट्ट.

"खरं बोलनी ते बरं करं," त्या म्हणाल्या. "नहीतर मी मरी जाती. पन मीठ घालाना पह्यले माले ईचाराले पाह्यजे व्हतं. मी काय ढोर शे?"

मी मान हलवली.

मुलगा म्हणाला, चल आई, उन्हाच्या आत नवापूर गाठू. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या मधे पडले. म्हटलं, थांब रे. अक्का, तुम्हाला कुठे जायचंय?

मुलगा चिडला. म्हणाला, आता त्यात विचारायचं काय राहिलं? पण अक्कांनी हात वर केला आणि तो गप्प झाला. दवाखान्याच्या दारात रिक्षा हॉर्न मारत होत्या, मागून दुसरा पेशंट यायचा होता, गुरखा गाडी हलवा म्हणून खुणावत होता. अक्का हायवेच्या बाजूला बघत होत्या, जिकडे आमचं गाव आहे.

"आते सुरतले जासू," त्या म्हणाल्या. "बठ्ठ्या तपासण्या करी लेसू. मंग माले जठे ऱ्हावानं तठे ऱ्हासू."

मुलाने गाडीचं दार लावलं.

फाल्गुनात अक्का परत आल्या. मुलाने स्वतः आणून सोडलं आणि अट घातली, दर महिन्याला धुळ्याला रक्त तपासायचं. आता त्या उघड माझ्याकडे जेवतात, दाराने येऊन, पाटावर बसून. मीठ साधं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. वरण पाणचट आहे असं रोज म्हणतात.

रक्त द्यायला आम्ही दोघी एसटीने जातो. दुपारपर्यंत अहवाल मिळतो. मूत्रपिंडं बरी होण्यातली नाहीत, ती कुठवर टिकतात एवढंच बघायचं आहे. काचेमागची मुलगी तो कागद सरकवते. पूर्वी मी तो हिसकावून घेतला असता. आता घडीसकट अक्कांच्या हातात देते. त्यांना वाचता येत नाही. तरी त्या घडी उलगडतात, चष्मा लावतात, वरपासून खालपर्यंत सावकाश बघतात. मी शेजारी उभी असते. कधी कधी फार वेळ लावतात, मला वाटतं मुद्दाम.

मग कागद माझ्याकडे करतात आणि म्हणतात, "वाच."